पाठीवर वारा : ठाण्याच्या खाडीकाठी चार दिवस

पहिला दिवस : फाल्गुन वद्य त्रयोदशी, वाशी

सकाळी नाशिकहून पंचवटी पकडली. बॅगेत कपडे थोडे आणि काचाच जास्त होत्या : १५०-६०० मिलिमीटरची लेन्स, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, ट्रायपॉड आणि त्यावरचं, जड लेन्स सहज फिरवू देणारं गिंबल हेड. गेली सहा वर्षं हिवाळ्यात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर जातोय. बदकं, करकोचे, भोवत्या भरपूर पाहिले, पण रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मनासारखे कधी मिळाले नाहीत. ते हवे असतील तर ठाण्याच्या खाडीवर यायला हवं. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. राज्यातून त्या यादीत सगळ्यात आधी आमचं नांदूर मध्यमेश्वर गेलं. तेव्हा घरच्याच कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखं वाटत होतं.

ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळ. मावशी तिथे राहते. दुपारी जेवताना काकांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" मी मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक शोधत होतो. ते म्हणाले, "ठेव ते. तिथीची पाऊणपट कर. आज त्रयोदशी. तेराच्या पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती होऊन गेली, रात्री पावणेदहाच्या पुढे पुन्हा होईल. मधे चारच्या सुमाराला पूर्ण ओहोटी." काका मूळचे रेवदंड्याचे. मोबाइलमधलं वेळापत्रक आणि त्यांचा हिशोब यांत थोड्याच मिनिटांचा फरक निघाला.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला त्यावर पांगतात, एवढं मला माहीत होतं. म्हणून साडेतीनला वाशीच्या सागर विहारला पोचलो. समोर खाडी, मधे तिवरांची कड, पलीकडे धुरकट मुंबई. चिखलावर गुलाबी पट्टा दिसत होता. दीडशे-दोनशे मीटर असेल. धाकटे रोहितच जास्त, त्यांची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मधे उंच, फिकट अंगाचे, गुलाबी चोचीला काळं टोक असलेले थोरले. सगळे चोच उलटी करून चिखलपाणी गाळत होते.

आणि वारा. सरळ तोंडावर, खाडीवरून येणारा, ओलसर, खारट. नांदूरला थंडीत वारा लागतो तो कानाला. हा लेन्सला लागत होता.

ट्रायपॉड पूर्ण उंच केला, मधला दांडाही वर काढला, कारण कठड्यावरून दिसायला हवं होतं. वजन म्हणून खाली हुकाला बॅग अडकवली. शटर १/५०० वर. पहिला फोटो काढून मोठा करून पाहिला तर डोळ्याच्या जागी आडवी रेघ. वाटलं, फोकस चुकला. मग लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवरचं चित्र, दहापट मोठा करून एका रोहिताच्या डोळ्यावर ठेवला आणि हात काढून घेतले. डोळा एका जागी राहीना. पक्षी स्थिर उभा होता, पाय चिखलात रुतलेले, आणि स्क्रीनवर त्याचं डोकं थरथरत होतं. वाऱ्याचा झोत आला की चौकटीबाहेर, ओसरला की परत आत.

ही दहापट मोठं करून पाहायची सवय मी प्रत्येकाला लावून घ्यायला सांगेन. दोष फोकसचा, शटरचा की हलण्याचा, हे मिनिटभरात कळतं.

६०० मिलिमीटर आणि क्रॉप सेन्सर म्हणजे शंभर मीटरवर चौकटीची रुंदी जेमतेम चार मीटर. लेन्स ट्रायपॉडला जोडणाऱ्या तिच्या पायावर टेकलेली, तिचं पुढचं टोक तिथून साधारण फूटभर पुढे. ते टोक एक मिलिमीटर हललं, तर शंभर मीटरवर नजर फूटभर सरकते. दोनशे मीटरवर दोन फूट. रोहिताचं डोकं तर मुठीएवढं! त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सकाळच्या झुळकीत चालणारी मांडणी दुपारच्या वाऱ्यात उभी राहत नाही, ती याच हिशोबाने.

मग एकेक करत गेलो. हुकाला लटकवलेली बॅग वाऱ्याने झोके खात होती आणि प्रत्येक झोक्याबरोबर ट्रायपॉड हलवत होती. ती उतरवली, पट्टा लांब करून जमिनीला टेकेल अशी बांधली. मधला दांडा आत. पायांचे सगळ्यात खालचे, बारीक नळ्यांचे भाग आत. पाय फाकवून बसता येईल एवढी उंची केली. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा फडफडत होता, बोट ठेवलं तर बॉडीत बारीक थरथर जाणवत होती. तो काढून खिशात टाकला. गिंबलचे दोन्ही नॉब किंचित आवळले, कारण मोकळं सोडलेलं गिंबल वारा स्वतःच फिरवतो. लेन्सच्या टोकाचं, ऊन अडवणारं हूड काढलं, तर थरथर कमी झाली. पण सूर्य समोर होता, हूड गेल्याबरोबर चित्रावर पांढुरकी झाक पसरली. ऊन समोरून आणि वारा समोरून, यापेक्षा वाईट जोडी लांबच्या फोटोला दुसरी नाही.

शटर १/२००० केलं, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, चढू दिला. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. वाऱ्याचा ताल मोजला : आठ-दहा सेकंद जोर, मग तीन-चार सेकंद उसंत. उसंत आली की चार-पाच फोटोंची सलग फैर, मग थांबायचं. बोट दाबून धरत राहिलो असतो तर कार्ड भरलं असतं, हाती काही आलं नसतं.

एवढं करूनही एक गोष्ट सुधारेना. सगळ्या पक्ष्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. पट्ट्यातले शेकडो पक्षी पश्चिमेला तोंड करून उभे. उडाले ते पलीकडे, उतरले तेही पाठमोरे.

रात्री मावशीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ४१२ फोटो, त्यात नीट म्हणता येतील असे नऊ. नऊच्या नऊ पाठमोरे. काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यावर उभा होतास ना, मग असंच होणार. पाखरू वाऱ्याला तोंड देऊन बसतं. पिसं वाऱ्याने उलटी झाली तर त्याला थंडी वाजते, तोलही जातो. उडायचं तर वाऱ्याच्या तोंडावर, उतरायचं तरी वाऱ्याच्या तोंडावर."

मग त्यांनी शाळेत शिकवतात तेच, पण रेवदंड्याच्या बंदरावरून सांगितलं. रात्री जमीन लवकर निवते, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते, दुपारच्या सुमाराला समुद्राकडून आत येतो, तो खारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायच्या.

मी वहीवर खाडी काढली. उत्तर-दक्षिण पसरलेली. नवी मुंबई तिच्या पूर्वेला. सकाळी सूर्य पूर्वेला, मतलईही पूर्वेकडून. नवी मुंबईच्या काठावर पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं तर ऊन पाठीवर, वारा पाठीवर, आणि पक्ष्याचं तोंड माझ्याकडे. आज मी त्याच काठावर, पण संध्याकाळी उभा होतो. सगळं उलटं. ट्रायपॉडशी तीन तास झगडलो आणि चूक उभं राहण्याच्या जागेची आणि वेळेची होती.

दुसरा दिवस : चतुर्दशी, टी. एस. चाणक्यमागची पाणथळ

पहाटे पाचला उठलो तर मावशी माझ्या आधी उठून शिलाई मशीनवर बसलेली. रात्री मी वाळूच्या पिशवीचं बोललो होतो. तिने माझ्या मावसभावाच्या जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापाशी कापून एक तोंड शिवलं होतं. आत दोन किलो जाडा तांदूळ ओतला, दुसऱ्या तोंडाला दोन टीप मारल्या. "पूर्ण भरली नाहीये," म्हणाली, "लोड दाबला की बसला पाहिजे ना." अगदी बरोबर. ठासून भरलेल्या पिशवीवर लेन्स घरंगळते. तीन चतुर्थांश भरलेली पिशवी लेन्सला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. त्या निळ्या पिशवीने पुढचे तीन दिवस माझ्या महागड्या ट्रायपॉडपेक्षा जास्त काम केलं.

भावाने स्कूटरवरून पाम बीच रोडने करावेच्या बाजूला, टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेमागे सोडलं. सव्वासहा. अजून अंधूक होतं. हिशोब सोपा : चौदाच्या पाऊणपट साडेदहा. भरती चढत जाईल तसा खाडीतला चिखल बुडेल आणि साडेसात-आठपासून पक्षी आसऱ्याला या पाणथळीवर येतील. भरतीच्या वेळी पाय टेकायला उथळ पाणी उरतं ते अशाच जागी. इथे, सीवूड्सला डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर, खाली उरणच्या पाणजेला. या जागांवर खाडीचं पाणी आत-बाहेर करणारे मार्ग बुजले की तळं एकतर सुकतं किंवा कुजतं, आणि मग भरतीच्या चार तासांत हजारो पक्ष्यांनी उभं राहायचं कुठे? फ्लेमिंगोंवर प्रेम करणाऱ्या माणसाने त्यांच्या चरायच्या चिखलाइतकंच या विसाव्याच्या जागांकडे लक्ष द्यावं, असं मला फार वाटतं.

वारा होता. आणि चांगलाच होता, नुसती झुळूक नव्हे. कोरडा, पूर्वेचा, धूळ घेऊन आलेला. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचे वारे असे जोर धरतात, मग खारा वारा उशिरा शिरतो आणि मुंबई-ठाणे भाजून निघतात. कालच्या अनुभवाने पोटात गोळा आला. पण आज तो पाठीवर होता.

बांधावर पालथा झोपलो, पुढे तांदळाची पिशवी, त्यावर लेन्स. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो, गवत आणि मातीच त्याला अडवतात. शिवाय माझं अंग आणि पाठपिशवी लेन्सच्या मागे, वाऱ्याच्या अंगाला. हूड लावलेलंच ठेवलं, कारण समोरून वारा नव्हता आणि धुळीपासून काच वाचवायची होती. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून एका शेकाट्यावर धरला. त्याचा लाल डोळा जागच्या जागी होता.

सात चाळीसला पहिला थवा आला. खाडीवरून, पश्चिमेकडून, माना पुढे आणि पाय मागे ताणलेले, तिवरांच्या वरून. पूर्वेच्या वाऱ्याला तोंड देतच ते येत होते, म्हणजे सरळ माझ्याकडे. आणि इथे वाऱ्याने मला एक अशी गोष्ट दिली जी शांत हवेत मिळाली नसती. समोरून वारा असला की पक्ष्याचा जमिनीच्या हिशोबाने वेग कमी होतो. पंख तेवढेच मारतोय, पण पुढे सरकतोय हळू. उतरायच्या आधी ते रोहित पाण्यावर अक्षरशः टांगल्यासारखे झाले. पंख उघडे, काळी किनार आणि आतला तांबडा रंग पूर्ण दिसतोय, लांब पाय पुढे काढलेले, आणि मग पाण्यावर चार-पाच पावलं पळत थांबले. चौकटीत धरायला एरवी क्षण मिळतो, इथे तीन-तीन सेकंद मिळत होते. १/२५००, आयएसओ १६००. पंखांची टोकंसुद्धा थांबली.

उतरल्यावर थवा विसावला. हळूहळू सगळ्या माना पाठीवर गेल्या, चोची पिसांत खुपसल्या, एक-एक पाय वर. शंभरेक पक्षी आणि सगळ्यांच्या छात्या पूर्वेला. वारा जरा ईशान्येला सरकला की एक-दोन पक्षी एका पायावरच किंचित वळायचे, मग शेजारचे, मग पट्टाच्या पट्टा. एक पक्षी माझ्यापासून साठेक मीटरवर होता. त्याच्या पाठीवरची लांब पिसं झोताबरोबर उचलली जायची, खालचं पांढरं दिसायचं, आणि तो डोळा न उघडता छाती दोन बोटं फिरवून ती पिसं पुन्हा चपटी बसवून घ्यायचा. अर्धा तास मी फक्त त्याच्याकडे बघत होतो. बटणाला हात लावला तो तीनदा.

आठनंतर शेजारी तीन-चार जण आले. त्यांतल्या एकाला उडणारे फोटो हवे होते. त्याने खडा उचलला. मी उठून त्याला म्हटलं, "दादा, थांबा. भरती अजून अडीच तास आहे. उडवलेत तर यांना दुसरीकडे पाय टेकायला जागा नाही." तो थोडा वेळ बघत राहिला, मग खडा टाकून बसला. पंधरा मिनिटांत थव्याची एक कड आपणहून उठली, वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे आमच्याच दिशेने पाण्यावरून पळत, आणि त्याला त्याचे फोटो मिळाले. रोहिताला उडायला धावपट्टी लागते आणि ती धावपट्टी वारा ज्या दिशेने येतो तिकडे असते. हे कळलेल्या माणसाला खडा लागतच नाही.

एकच तक्रार उरली. बांधावरची गवताची पाती लेन्सपुढे हलत होती आणि फोकस पुन्हा पुन्हा त्यांच्यावर उडी मारत होता. लेन्सवरचा फोकसची मर्यादा ठरवणारा खटका लांबच्या टप्प्यावर केला, तेव्हा ते थांबलं. हा खटका वर्षानुवर्षं न वापरणारे कितीतरी जण मला माहीत आहेत.

दहाला आवरलं. पाण्यावरून वाफ नाचायला लागली होती. ऊन चढल्यावर लांबचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो, त्याला कुठलंही शटर उपयोगी नाही. जवळ जाणं शक्य नसेल तर कॅमेरा बंद करावा. दुपारी दीड वाजेपर्यंत खाऱ्याचा पत्ता नव्हता आणि मावशीच्या घरातले पंखे गरम हवा फेकत होते.

तिसरा दिवस : अमावास्या, ऐरोली आणि संध्याकाळी कोपरी

ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून अभयारण्यात बोटी जातात. बोटींच्या वेळा भरतीवर ठरतात : बोट चालायला पुरेसं पाणी हवं आणि पक्ष्यांना पाय टेकायला चिखलही उघडा हवा. आज उधाण, भरती सव्वाअकराची. सकाळच्या फेरीची जागा मिळाली नाही, दुपारची दीडची मिळाली.

दीडला खारा नुकताच सुटला होता. पाण्यावर बारीक खवले उठले होते. बोटीवर ट्रायपॉडचा उपयोग शून्य. इंजिनाची थरथर फळीतून पायांत, पायांतून डोक्यात जाते, म्हणून लेन्स कठड्यावर टेकवणंसुद्धा चूक. मधल्या फळीवर बसलो, पाठ कशालाही न टेकवता, कोपरं बरगड्यांना घट्ट लावून. लेन्समधलं, थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन चालू.

बोट चालवणाऱ्या काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या लेन्सकडे पाहिलं. "दादूस, आता खारा चढंल. मी नाळ वाऱ्यावर धरतू, मंग होडी डुलणार नाय. मशीन बंद केली का लगेच काढ." आणि त्यांनी तसंच केलं. थव्यापासून बरंच लांब इंजिन बंद, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वायव्येला, वारा येत होता तिकडे. बोट वर-खाली झाली, पण डावी-उजवी नाही. वर-खाली हलणारी नजर सांभाळता येते. आडवी डुलणारी बोट क्षितिजच तिरकं करते. दोन-तीन मिनिटं तशी मिळायची, मग वारा नाळ फिरवायला लागायचा आणि ते पुन्हा इंजिन लावायचे.

फोटो बरे आले, फार चांगले नाहीत. पक्षी पुन्हा पाठमोरे. पण जे पाहिलं ते बांधावरून दिसलं नसतं. ओहोटी उतरत होती आणि चिखलाचा एकेक उंचवटा वर आला की त्यावर पाच-पन्नास पक्षी येऊन बसत होते. आधी तुतवार, मग शेकाटे, आणि पाणी गुडघाभर उरलं की रोहित.

परत आल्यावर लेन्सची पुढची काच तिरकी धरून पाहिली. पातळ पांढुरका थर. खारा वारा शिंतोडा न उडवताही मीठ आणून बसवतो. कोरड्या कापडाने पुसलं तर ते मिठाचे कण काचेवर ओढले जातात. आधी फुंकणीने उडवलं, मग कापड किंचित ओलं करून हलक्या हाताने पुसलं. लेन्सच्या बाहेरच्या नळीवरही तेच केलं, कारण झूम आत-बाहेर करताना ते मीठ आत जातं.

भाऊ म्हणाला, "घरी जायचं?" मी वहीतला नकाशा काढला. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, वारा पश्चिमेचा. म्हणजे खाडीच्या पश्चिम काठावर जाऊन पूर्वेला तोंड करून बसायला हवं. आम्ही मुलुंडचा पूल ओलांडून ठाणे पूर्वेला, कोपरीला, मीठबंदराच्या बाजूला गेलो. पाच वाजले होते, पूर्ण ओहोटी साडेपाचच्या आसपास.

जागा सुंदर म्हणणार नाही. तिवरांच्या मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या, चिखलाचा वास, मागे गाड्यांचा आवाज. खाडी इथे अरुंद आहे. फोटोत एकही बाटली येऊ नये म्हणून चौकट तीन-तीनदा सरकवावी लागली आणि त्याचं वाईट वाटत राहिलं. पण ऊन पाठीमागून सोन्यासारखं पडलं होतं, पाठीवर शर्ट चिकटवणारा वारा होता, आणि चिखलावरचा प्रत्येक पक्षी माझ्याकडे बघत होता. बगळे, शेकाटे, कुरव. रोहितांचा छोटा थवा खूप लांब, ऐरोलीच्या दिशेला, त्यांच्या वाटेला गेलो नाही.

कुरवांनी संध्याकाळ सार्थकी लावली. खाली चिखलात काहीतरी दिसलं की कुरव वाऱ्याला तोंड करून जागच्या जागी तरंगायचा, पंख जवळजवळ न हलवता, आणि मग पाय सोडून खाली. परवा वाशीला ज्या वाऱ्याने मला रडवलं, त्याच जोराचा हा वारा, त्याच वेळेचा. मधे फक्त खाडी होती. एका तासात १४० फोटो, त्यांतले साठेक ठेवण्यासारखे.

चौथा दिवस : पाडवा, नेरुळ आणि पारसिक हिल

सकाळी कॅमेरा बॅगेतून काढला नाही. मावशीची गॅलरी दक्षिणेला आहे. काकांनी वेळूची काठी धुतली, मावशीने मोरपंखी खण चुण्या घालून बांधला, वर कडुलिंब, आंब्याचा डहाळा, साखरेची गाठी, आणि तांब्या पालथा. साडेसातला गुढी उभी राहिली. खणाचा पदर उजवीकडे, पश्चिमेला उडत होता. समोरच्या इमारतीतल्या सगळ्या गुढ्यांचे पदर त्याच बाजूला. मतलई. मी कडुलिंब-गुळाची गोळी चघळत बघत उभा होतो आणि काका हसून म्हणाले, "आता वारा बघायला तुला यंत्र नको."

साडेबाराच्या पुढे पुरणपोळीचं जेवण चालू असताना पदर लोंबकळला. दहा-पंधरा मिनिटं कुठेच नाही. मग एकदम डावीकडे. खारा आला होता.

तीन वाजता भाऊ आणि मी बेलापूरच्या पारसिक हिलवर गेलो, घारींसाठी. वायव्येचा वारा टेकडीच्या उतारावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर घारी तासन्‌तास पंख न मारता राहतात. वर रस्त्यावर उभं राहिलं तर काही घारी डोळ्यांच्या पातळीवर, काही खालीही दिसतात.

इथे माझं पाठीवरच्या वाऱ्याचं गणित बसत नव्हतं. घारी वाऱ्याला तोंड करून पश्चिमेला बघणार, मी टेकडीवर त्यांच्या मागे. समोर जायला तर हवाच आहे. म्हणून उताराच्या कडेला, रस्ता वळतो तिथे गेलो, जिथून घार बाजूने दिसेल. पूर्ण आकार, पसरलेला पंख, डोळ्यात उन्हाचा ठिपका. पण आता वारा लेन्सच्या कुशीवर. लांब लेन्सचं सगळ्यात जास्त अंग बाजूनेच दिसतं, म्हणून आडवा वारा तिला सगळ्यात जास्त ढकलतो. तांदळाची पिशवी दगडी कठड्यावर ठेवली, लेन्स तिच्यात दाबून बसवली, डावा हात वरून लेन्सवर ठेवून खाली रेटला. तरी थरथर होती. मग भाऊ वाऱ्याच्या बाजूला लेन्सला खेटून उभा राहिला, जाकीट दोन्ही हातांनी पसरून. थरथर थांबली. दीड तास तो तसाच उभा होता, मधे दोनदा हात बदलले, एकदाही कुरकुरला नाही. त्या दिवसाचा प्रत्येक चांगला फोटो निम्मा त्याचा आहे.

एक घार सत्तरेक मीटरवर जवळजवळ स्थिर होती. पंख ताणलेले, डोकं खाली, एका जागी ठेवल्यासारखं. हलत होती ती फक्त शेपटी. वारा जरा डावीकडून आला की शेपटीची सपाट पट्टी वळून तिरकी व्हायची, उजवीकडून आला की दुसरीकडे, होडीच्या सुकाणूसारखी. पंखांची टोकाची पिसं बोटांसारखी उघडायची, मिटायची. शरीर इकडेतिकडे होत होतं, डोकं मात्र नाही. मी व्ह्यूफाइंडरमधून बघत होतो आणि माझ्या डाव्या हाताखाली लेन्स, तिच्याखाली तांदूळ, बाजूला भावाचं जाकीट. घारही तेच करत होती, फक्त तिला कुणाचीच मदत नव्हती.

घार स्थिर, म्हणून १/१२५० पुरलं. आयएसओ खाली आला आणि पिसांवरच्या तपकिरी छटा नीट उतरल्या.

साडेसहाच्या आत घरी यायचं होतं, सूर्य मावळायच्या आधी गुढी उतरवायची म्हणून. आलो तेव्हा मावशी वाटीत गोड घेऊन गॅलरीत थांबली होती. दुपारभरच्या वाऱ्याने खण काठीला गुंडाळला गेला होता, तीन वेढे, गाठीसकट. काकांनी एकेक वेढा उलगडला, जरीची किनार हाताने सरळ केली. गाठीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"उद्या गाडी कितीची?"

"दुपारची."

"मग सकाळ आहे. उद्या द्वितीया. भरती?"

"दीड वाजता," मी म्हटलं. "पक्षी अकराच्या आत येणार नाहीत. आणि तोवर वारा फिरायला लागेल."

काकांनी मान हलवली आणि काठी आडवी करून आत नेली.